टोपी दिसली, चेहरा नाही : घराबाहेरचा कॅमेरा घेण्याआधी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गावच्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला. घर रत्नागिरी जिल्ह्यात, आम्ही ठाण्यात. घराला चार कॅमेरे होते. फोनवर रेकॉर्डिंग उघडलं, तर रात्री दोनच्या सुमारास परसदारातून एक माणूस अगदी निवांत चालत येताना दिसला. डोक्यावर टोपी. पंप सोडवायला त्याला वीसेक मिनिटं लागली आणि ती सगळी मिनिटं आमच्याकडे जपून ठेवलेली आहेत. टोपी वरून छान दिसते. चेहरा एकदाही नाही.

कॅमेरा चौदा फुटांवर, वाशाला ठोकलेला होता. बसवणारा म्हणाला होता, "उंच लावला की सगळं दिसतं, आणि कुणाचा हात पोचत नाही." दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. फक्त आम्हाला "सगळं" नको होतं, एक चेहरा हवा होता, आणि हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. कारण आम्हालाही ते तेव्हा कळलेलं नव्हतं. दुकानात आम्ही विचारलं काय, तर "किती मेगापिक्सेल?"

म्हणून आधी हे ठरवा, की कॅमेऱ्याने तुमच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. कुणी आलं का? आला तो काय करतोय? की, तो कोण आहे? तीन प्रश्नांना तीन वेगळे कॅमेरे लागू शकतात.

रांगोळीचे ठिपके

कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडव्या रांगेत १९२० ठिपके, ४ मेगापिक्सेलमध्ये साधारण २५६०, ८ मेगापिक्सेलमध्ये ३८४०. तेवढेच ठिपके तुम्ही दारापुढच्या चार फुटांत मांडलेत तर रेखीव मोर निघेल. अख्ख्या खळ्यात पसरलेत तर मोर आहे की बदक, यावर वाद होईल.

कॅमेऱ्यांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात याचे ठोकताळे दिलेले आहेत. समोरच्या दृश्याच्या एका मीटर रुंदीत २५ ठिपके पडत असतील, तर "तिथे कुणीतरी आहे" एवढं कळतं. साधारण ६३ पडले तर कपडे आणि हालचाली समजतात. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाचा चेहरा पटवायचा असेल तर २५० हवेत. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटर, म्हणजे या शेवटच्या हिशेबातसुद्धा चेहऱ्याच्या वाट्याला चाळीसच ठिपके येतात.

आता भिंगाकडे या. बाजारात सर्रास मिळतो तो २.८ मिलिमीटरचा कॅमेरा. त्याची नजर पसरट, १०० ते ११० अंशांची. दहा मीटरवर तो जवळपास २६ मीटर रुंदीचा पट्टा पाहतो. ४ मेगापिक्सेलचे २५६० ठिपके २६ मीटरवर वाटले की मीटरला शंभरही येत नाहीत. म्हणजे माणूस दिसला, पण कोण ते कळलं नाही. याच कॅमेऱ्यातून चेहरा पटवायचा तर तो माणूस चार मीटरच्या आत यायला हवा. ८ मेगापिक्सेलचा घेतलात तर चाराचे जेमतेम सहा मीटर होतात. दुप्पट मेगापिक्सेलने पडणारा फरक एवढाच.

त्याऐवजी ४ मेगापिक्सेलचाच, पण ६ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा घ्या. त्याची नजर अरुंद, पन्नासेक अंशांची. दहा मीटरवर तो सुमारे दहा मीटरचा पट्टा पाहतो, आणि मीटरला अडीचशे ठिपके मिळतात. किमतीत फारसा फरक नसतो. दुकानदार स्वतःहून तो दाखवत नाहीत, कारण गिऱ्हाईकाला फोनवर जास्तीत जास्त अंगण दिसलं की बरं वाटतं.

त्यामुळे माझं मत असं, की घराच्या चार कोपऱ्यांना चार सारखे कॅमेरे लावण्याची पद्धत मोडीत काढावी. एक-दोन पसरट नजरेचे, काय चाललंय ते बघायला. आणि निदान एक अरुंद नजरेचा, जिथून आलेल्याला जावंच लागतं अशा जागेवर रोखलेला. कोकणातल्या घराला अशी जागा बहुतेक वेळा आयतीच असते. बेडं म्हणजे कुंपणाचं दार, पाखाडीच्या पायऱ्या, नाहीतर गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, ये-जा करायची फट. शहराकडच्या बंगल्याला फाटक आणि मुख्य दार.

उंची आठ ते नऊ फूट पुरे. त्याहून वर गेलात की आमच्यासारखा टोप्यांचा संग्रह होतो. खाली लावला तर कुणीतरी काठीने फिरवेल ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे एका कॅमेऱ्याच्या नजरेत दुसरा कॅमेरा ठेवणं.

आणखी एक. पश्चिमेकडे तोंड करून लावलेला कॅमेरा संध्याकाळी तासभर आंधळा होतो, पूर्वेकडचा सकाळी. अंधाऱ्या पडवीतून उजेडातल्या खळ्याकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यात माणसं काळी पडतात. खोक्यावर "डब्ल्यूडीआर १२० डीबी" लिहिलेलं असेल तर हा त्रास बराच कमी होतो. पण जागा बदलता येत असेल तर आधी जागा बदला.

रात्र

बहुतेक कॅमेरे रात्री स्वतःचा प्रकाश टाकतात. हा इन्फ्रारेड प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. अंधार पडला की आतून "टक" असा बारीक आवाज येतो. दिवसा हा प्रकाश अडवणारी एक काच आत असते, ती बाजूला सरकते आणि चित्र कृष्णधवल होतं. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा अंधुक लाल ठिपका जवळून दिसतो. ९४० चा अजिबात दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी.

हा प्रकाश जवळच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. पाऊस लागू नये म्हणून कॅमेरा वळचणीत फार आत सरकवलात, तर बाजूची भिंत पांढरीफटक दिसते आणि अंगण काळंकुट्ट. कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि भिंगासमोरचा एक धागा रात्रभर पांढऱ्या दोरखंडासारखा झुलतो. मग पाल येते. फोनवर दर पाच मिनिटांनी "हालचाल आढळली". तीन दिवसांनी तुम्ही सूचना बंद करता, आणि चौथ्या दिवशी… असो. केरसुणीने महिन्यातून एकदा जाळी काढणं हा यावरचा सर्वांत आधुनिक उपाय आहे.

"रात्रीही रंगीत" म्हणून जे कॅमेरे मिळतात, त्यांपैकी बऱ्याच जणांना पांढरा दिवा लागतो, त्यांचा स्वतःचा किंवा अंगणातला. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. त्यामुळे उभा माणूस स्वच्छ आणि चालता माणूस फराटा असं होतं. जाहिरातीतल्या रात्रीच्या चित्रांत सगळे उभेच असतात, हे बघून ठेवा. माझा अनुभव असा, की बेड्यापाशी लावलेल्या एका साध्या एलईडी दिव्याने रात्रीच्या चित्रात जो फरक पडला, तो जास्त मेगापिक्सेलने पडला नसता.

वायर, वीज, पाऊस आणि वानर

बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या ढोबळ चार जाती आहेत. पहिली जुनी, "थ्री प्लस वन" केबल (एक तार चित्राची, तीन वीज-आवाजाच्या) आणि डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची. स्वस्त, दणकट, प्रत्येक तालुक्याच्या गावात दुरुस्त करणारा मिळतो. दुसरी आयपी कॅमेऱ्याची. इंटरनेटच्या वायरीसारखी एकच कॅट-सिक्स वायर, तिच्यातूनच वीज आणि चित्र दोन्ही, आणि दुसऱ्या टोकाला एनव्हीआर, म्हणजे या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डिंग साठवणारा डबा. एकाच वायरीतून वीजही देण्याच्या या पद्धतीला पीओई म्हणतात. तिसरी वाय-फायवाली, आणि चौथी सिमकार्ड व सोलर पॅनेलवाली.

राहत्या घरासाठी मी डोळे झाकून पीओई सांगेन. एक वायर १०० मीटरपर्यंत चालते. फक्त वायर शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास खपते. लांब अंतरावर तिच्यात वीज वाया जाते आणि रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की तो बंद पडतो. पातं घेऊन तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत द्या.

वाय-फाय चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, घरात रुसतं. जाड भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा कसाबसा पोचतो, ५ चा पोचत नाही. कॅमेरा लावायच्या जागी फोन घेऊन उभे राहा आणि एखादा व्हिडिओ लावा. तो अडखळला तर कॅमेराही अडखळणार. सिमवाल्या कॅमेऱ्यासाठीही हीच चाचणी. ज्या कंपनीची रेंज तिथे आहे, तिचंच सिम.

सोलर-सिमवाला कॅमेरा बंद घरासाठी सोयीचा वाटतो, आणि पुष्कळ चाकरमानी तोच नेतात. पण तो काय करत नाही हे माहीत असावं. बॅटरी वाचवण्यासाठी तो झोपलेला असतो. अंगाची ऊब टिपणारा एक सेन्सर त्याला जागा करतो आणि मग रेकॉर्डिंग सुरू होतं. तोवर सेकंद-दोन सेकंद गेलेले असतात. हा सेन्सर आजूबाजूपेक्षा गरम असलेली वस्तू सरकली की ओळखतो. मे महिन्याच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा तो मंदावतो. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारा त्याला लवकर कळतो, म्हणून तो वाटेच्या तोंडावर न लावता वाटेच्या कडेला लावावा.

आणि कोकणातला पाऊस. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण १७ ते २० अंश कललेलं ठेवायचं, आपल्या अक्षांशाइतकं. जुलैत मात्र आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि पॅनेलवर शेवाळ व फणसाची पानं साचतात. आषाढात कॅमेरा आठवडाभर मुका झाला तर तो बिघडला आहे असं नाही, उपाशी आहे. वीज असेल तर पावसाळ्यापुरता चार्जर जोडता येईल अशी सोय ठेवा.

आयपी ६६ नाहीतर आयपी ६७ हा आकडा बहुतेक खोक्यांवर असतो. या आयपीचा वरच्या आयपी कॅमेऱ्याशी संबंध नाही. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ६ म्हणजे जोराचा फवारा सोसेल, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहील. आपल्या पावसाला ६६ पुरतं. पण कॅमेरा मरतो तो भिंगातून नव्हे, शेपटीतून. मागची जोडणी उघडी राहते, तिच्यात पाणी शिरतं आणि पहिल्या पावसाळ्यात पितळ हिरवं होतं. जोडणी डबीत बंद करा. वायर कॅमेऱ्याकडे वर जाण्याआधी तिला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पागोळीचं पाणी झोळाच्या तळातून ठिबकून जातं.

चिरा मऊ असतो, छोटे प्लग वर्षभरात हलू लागतात. लांब प्लग घ्या किंवा वाशाला पक्की फळी ठोका. वायर पाइपातून न्या, उंदीर आणि खारी आहेतच. वानरांपुढे मात्र मी हात टेकलेत. गोल घुमटीचा कॅमेरा त्यांच्या हातात कमी येतो, नळीच्या आकाराचा ते मूठ समजून धरतात, एवढीच माहिती देऊ शकतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा लांब वायरी वीज घरात आणतात. एका गडगडाटात एनव्हीआर आणि राउटर दोन्ही गेल्याचं मी पाहिलं आहे. चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांचा खर्च करा. आगरापर्यंत लांब वायर टाकणार असाल तर दोनदा विचार करा.

लोडशेडिंगचं गणित सोपं आहे. चार कॅमेरे, एनव्हीआर आणि राउटर मिळून पन्नासेक वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. जुनी म्हणून निम्मे धरले तरी अठरा तास. आमच्याकडे कॅमेरे इन्व्हर्टरवर होते, राउटर मात्र दुसऱ्या सॉकेटवर. वर्षभर आम्ही कॅमेऱ्यांना शिव्या देत होतो.

किती दिवस साठवायचं, आणि कुठे

४ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीने, सेकंदाला २ मेगाबिटच्या वेगाने लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१.६ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. राहत्या घराला एवढं चालेल. ज्या घरी तुम्ही दीड महिन्याने जाता, तिथे चोरी कळायच्या आत तिचा पुरावा पुसला गेलेला असतो. तिथे ४ टीबी घ्या, आणि तीही अहोरात्र लिहिण्यासाठी बनवलेली, कॅमेऱ्यांची डिस्क. सिमवाल्यात कार्ड घालाल तेही "हाय एन्ड्युरन्स" असं लिहिलेलं.

याच वेगाने दीड जीबीचा रोजचा डेटा शंभर मिनिटांत संपतो. म्हणून सिमवाला कॅमेरा रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवून तुकडेच पाठवतो, आणि म्हणूनच तो कॅमेरा उचलून नेला की बरंच काही त्याच्याबरोबर जातं. एनव्हीआरसुद्धा टीव्हीखाली ठेवू नका. चोरांनाही तो ओळखता येतो. माळ्यावर, हवा खेळेल अशा जागी.

किल्ली कुणाकडे?

२०१६ साली मिराई नावाच्या एका प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड एकेक करून लावून पाहायचे. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेने एका मोठ्या इंटरनेट सेवेवर असा भार टाकला की ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना तासन्‌तास उघडेनात. लोकांच्या अंगणातली यंत्रं त्यात सामील होती आणि मालकांना पत्ता नव्हता.

आपल्याकडचा धोका याहून घरगुती आहे. बसवायला आलेला मुलगा घाईत स्वतःच्या मोबाइल नंबरावर खातं उघडतो, तुमच्या फोनवर ते "शेअर" करतो आणि जातो. तुम्हाला चित्र दिसतं, तुम्ही खूश. पण मालक तो. त्याच्या मनात काही नसेलही, पण तुमच्या दाराचं चित्र त्याच्याकडेही आहे, आणि त्याने नंबर बदलला की तुमचं तुम्हालाच दिसायचं बंद. खातं तुमच्या नंबरावर, तुमच्या समोर उघडायला लावा. पासवर्ड स्वतः टाका, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, असेल तर कॅमेरे त्यावर टाका. "बाहेरून दिसावं म्हणून पोर्ट उघडतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, ती इंटरनेटवरून थेट आत यायची उघडी वाट असते.

सरकारनेही यात लक्ष घातलं आहे. एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी उत्तीर्ण होणं बंधनकारक आहे. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

आता शेजार. तुमचा कॅमेरा तुमच्या बेड्याकडे बघतोय की शेजारच्या न्हाणीघराकडे, यावरून गावात पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं लागू शकतात. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही, पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावाभावांच्या खटल्यात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागावर रोखलेले कॅमेरे कलकत्ता उच्च न्यायालयाने बंद करायला लावले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सामायिक घर असणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा नको तो भाग काळा करायची सोय असते. शेजाऱ्याला बोलावून तो काळा चौकोन फोनवर दाखवा. चहा पाजून.

प्रकरण कोर्टात गेलंच तर रेकॉर्डिंगसोबत, ते कुठल्या यंत्रातून कसं काढलं याचं प्रमाणपत्र लागतं. मूळ यंत्र कोर्टापुढे आणता येत नसेल तर ते अटळ आहे, हे २०२० साली ज्या निकालाने पक्कं झालं तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरचा होता, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून तो वाद पेटला होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्रात फाइलचं "हॅश" म्हणजे तिचा डिजिटल ठसा द्यावा लागतो. आपण करायचं ते एवढंच, की घटना कळताच मूळ फाइल काढून ठेवायची. फोनच्या पडद्याचं शूटिंग दुसऱ्या फोनने करून व्हॉट्सअॅपवर फिरवायचं नाही. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बघायचं. वीज गेली-आली की काही यंत्रं थेट २००० सालात जाऊन बसतात. आमच्या टोपीवाल्याच्या चित्रावरची वेळ बरोबर होती, तारीख दोन दिवस मागे होती.

सगळं बसवून झालं की रात्री स्वतः चोर होऊन बघा. गेल्या दिवाळीत आम्ही कॅमेरा खाली आठ फुटांवर आणला, भिंग ६ मिलिमीटरचं घेतलं, आणि भाच्याला टोपी घालून रात्री साडेअकराला पाखाडीवरून विहिरीकडे पाठवलं. मी ओटीवर फोन हातात धरून सूचनेची वाट बघत बसलो. सूचना आली, चेहराही स्वच्छ आला. पण त्याआधी शेजारचे अण्णा विजेरी आणि काठी घेऊन गडग्यापाशी पोचले होते, आणि भाचा आपण कोण हे त्यांना पटवून देत होता.